गुऱ्हाळातील जळणाचा हिशेब



दसरा उलटला, थंडीची चाहूल लागली, की आमच्या कोल्हापूरकडच्या शिवारात संध्याकाळी एक वास पसरू लागतो. उकळत्या रसाचा वास. रस्त्याने जाणारा माणूस त्या वासाने वाट वाकडी करतो आणि गुऱ्हाळावर येऊन टेकतो. आलेल्या माणसाला रस, काकवी, निदान गरम गुळाचा एक खडा हातावर ठेवल्याशिवाय गुऱ्हाळवाला परत पाठवीत नाही. असा हा दिलदार धंदा आहे. परंतु आज मी बोलणार आहे तो त्याच्या दिलदारपणाविषयी नव्हे, उधळपट्टीविषयी. पाहुण्याच्या हातावर ठेवलेला गूळ म्हणजे उधळपट्टी, असे कुणी समजू नये. ते खुशाल चालू द्यावे. उधळपट्टी चालते ती तिथून दहा पावलांवर, चुलवणाच्या तोंडाशी. तिकडे मात्र कुणाचे लक्ष नसते.

आमच्या एका नातलगांचे गुऱ्हाळ पंचगंगेकाठच्या एका गावात आहे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. गुऱ्हाळ त्यांच्या आजोबांपासूनचे. काही वर्षांपूर्वी हंगामाच्या अखेरीस मी तिकडे गेलो होतो, तेव्हा आबा गुऱ्हाळ मोडण्याच्या गोष्टी करीत होते. म्हणाले, "औंदाचं शेवटचं. फुडल्या साली ऊस सरळ कारखान्याला. मजुरी परवडंना, लाकूड परवडंना."

मजुरीचे मला समजले, लाकडाचे समजेना. मी विचारले, "आबा, गुऱ्हाळाला लाकूड विकत कशाला? चिपाड आहे की घरचं."

"चिपाड पुरतंय कुठं? चार-पाच ट्रॉल्या लाकूड घ्यावंच लागतंय दर साली. चिपाडाला पैसं पडत न्हाईत, पर लाकडाला पडत्यात न्हवं."

मंडळी, आबांच्या या एका वाक्यात साऱ्या गोष्टीचे मर्म आहे. चिपाड फुकटचे, म्हणून ते किती जळते हे कुणी पाहत नाही. कुणी पाहत नाही, म्हणून ते पुरत नाही. आणि पुरत नाही, म्हणून लाकूड विकत घ्यावे लागते. म्हणजे फुकटच्या वस्तूचे पैसे आबा दरवर्षी मोजतच होते. फक्त ते लाकडाच्या नावावर लिहिले जात होते.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाचा व्यापार डोळ्यांपुढे ठेवून. तेव्हापासून कोल्हापूरच्या गुळाचे नाव झाले. मात्र गेल्या काही दशकांत आपल्या भागातली कितीतरी गुऱ्हाळे थंड पडली. त्याला कारणे अनेक आहेत. साखर कारखाने आले, माणसे मिळेनाशी झाली, गुळाचा भाव वर-खाली होत राहिला. यांतली बहुतेक कारणे आपल्या हातातली नाहीत. जळण मात्र आपल्या हातातले आहे.

आता थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, नसेल तर बोटांवरही भागेल.

१०० किलो ऊस घाण्यात घातला. आपला नेहमीचा तीन लाटांचा घाणा त्यातून सुमारे ६० किलो रस काढतो. घाणा चांगला असेल तर दोन-चार किलो अधिक, पण आपण ६० धरू. या ६० किलो रसाचा गूळ होतो साडेअकरा किलोच्या आसपास. मग उरलेले ४८ किलो कुठे गेले? थोडीशी मळी निघाली. बाकीचे सगळे पाणी, ते वाफ होऊन उडाले. म्हणजे एक किलो गूळ करायचा, तर चार किलो पाणी आभाळात उडवून लावावे लागते. आपण म्हणतो 'गूळ केला'. खरे पाहता गूळ उसातच होता, आपण फक्त पाणी घालवले. सारे जळण लागते ते एवढ्याचसाठी.

आता पाणी घालवायला उष्णता किती लागते? एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. साधे पाणी उकळीपर्यंत आणायचे तर किलोमागे सत्तर-बाहत्तर किलोकॅलरी पुरतात. परंतु उकळी आलेल्या त्याच एक किलो पाण्याची वाफ करायची, तर आणखी ५४० लागतात. सात पटींहून जास्त! चहाचे आधण उकळायला वेळ लागत नाही, पण तेच पातेले आटवायला बसा, म्हणजे किती जळण खाते ते समजेल. पाणी तापवणे स्वस्त आहे, आटवणे महाग आहे. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. आमच्या जुन्या पुस्तकांत गुप्त उष्णता म्हणत. गुरुजी, हा धडा तुम्ही फळ्यावर शिकवता. त्याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा गावाच्या वेशीबाहेर चार महिने पेटलेली असते!

तर ६० किलो रस उकळीला आणायला सुमारे ४,००० किलोकॅलरी, आणि ४८ किलो पाणी उडवायला सुमारे २६,०००. एकूण ३०,००० धरा. चांगले उन्हात वाळलेले एक किलो चिपाड जळाले, तर त्यातून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. म्हणजे साडेसात-आठ किलो चिपाड पुरायला हवे. आणि १०० किलो उसामागे आपल्याला वाळलेले चिपाड मिळते किती? सुमारे २० किलो. गरजेच्या अडीच पट!

अडीच पट जळण दारात, आणि तरीही आबांना लाकूड कमी पडते. मग हे चिपाड जाते कुठे?

याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार काहिलींचे एक चालू चुलवण घेऊन त्याचा उष्णतेचा जमाखर्च मांडला होता. त्यात असे आढळले, की चिपाडातून निघणाऱ्या उष्णतेपैकी गुळाच्या कामी येणारी उष्णता फक्त २९ टक्के. रुपयातले एकोणतीस पैसे! बाकीचे एकाहत्तर पैसे मुख्यतः धुराड्यातून आणि चुलवणाच्या भिंतींतून निघून जातात. रुपया दिला आणि एकोणतीस पैशांचा माल घेऊन आलो, तर घरात किती बोलणी खावी लागतील! चुलवण मात्र पिढ्यान्‌पिढ्या हेच करते आणि त्याला कुणी बोलत नाही.

त्या चुलवणावर एक किलो गुळाला २.३९ किलो चिपाड जळत होते. अभ्यासकांनी नवे चुलवण बांधले नाही, नवी काहील आणली नाही. चिपाड टाकण्याची रीत तेवढी बदलली. किती टाकायचे आणि केव्हा टाकायचे, एवढेच. त्यानंतर किलोमागे १.७३ किलो चिपाड पुरू लागले. हे दोन आकडे तुम्ही आपल्या मघाच्या हिशेबात घालून बघा. साडेअकरा किलो गुळाला पहिल्या रीतीने लागतात साडेसत्तावीस किलो. आपल्याजवळ आहेत २०. म्हणजे साडेसात किलोंची तूट, आणि तिथे येते आबांचे लाकूड. दुसऱ्या रीतीने लागतात २०. तोंडमिळवणी झाली! प्रत्येक चुलवणाचा आकडा निराळा येणार, हे उघड आहे. पण लाकूड घ्यायचे की नाही, याचा निकाल केवळ टाकणाऱ्याच्या हातात असू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

हे असे का होते, ते जरा समजून घेऊ. चिपाड आगीत पडले, की आधी त्यातला ओलावा निघतो. मग त्यातून जळाऊ वायू सुटतो. लांब, पिवळी ज्वाळा दिसते ती त्या वायूची. शेवटी निखारा राहतो. आता एकदम मोठी कवळ कोंबली, तर हा वायू एकाच वेळी भसाभस सुटतो आणि त्याला जळायला पुरेशी हवा मिळत नाही. मग तो अर्धवट जळून काळा धूर होऊन धुराड्यातून निघून जातो. काळा धूर म्हणजे न जळलेले जळण. पाच-दहा मिनिटांनी ती कवळ बसते, जाळ मंदावतो. अशा वेळी चुलवणाचे तोंड सताड उघडे असते, धुराडे ओढ घेतच असते, आणि बाहेरची थंड हवा आत घुसते, आपल्या निखाऱ्यावर शेकून गरम होते आणि वर निघून जाते. आधी हवा कमी पडते म्हणून नुकसान, मग हवा जास्त होते म्हणून नुकसान. त्या अभ्यासकांनी धुरातला प्राणवायू यंत्राने मोजून टाकण्याचे प्रमाण बसवले. आपल्याजवळ ते यंत्र नाही. पण धुराडे आहे आणि डोळे आहेत. धुराड्याच्या टोकाला काळा लोट दिसला, की जास्त टाकले. धूर अजिबात नाही आणि जाळही पडलेला, तर टाकायला उशीर झाला. थोडे थोडे, वरचेवर आणि पसरून टाकावे. आणि दोन टाकण्यांच्या मधल्या वेळात तोंडावर पत्र्याचे झाकण असावे. खालून राखेच्या खड्ड्यातून जाळीवाटे हवा येत असेल तर फारच उत्तम. पुष्कळ जुन्या चुलवणांना ती जाळीच नसते, आणि चिपाड आपल्याच राखेत गुदमरते.

हे सारे मी आबांना सांगितले. आबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ह्ये तू मामांस्नी सांग."

मामा म्हणजे चुलवणात जाळ घालणारे गडी. वयाने आबांच्याच बरोबरीचे. सगळे गुऱ्हाळ त्यांना मामाच म्हणे. गुऱ्हाळावरचा मान तुम्हांला ठाऊकच आहे. पहिला मान गुळव्याचा. रस किती आटला, केव्हा काहील उतरवायची, हे तो फेसावरून आणि गार पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ओळखतो. त्याची नजर अंशभर चुकली तर सगळे आधण बिघडते. तेव्हा त्याचा मान रास्तच आहे. पण त्याच काहिलीच्या खाली, खड्ड्यात, धगीपुढे जो माणूस बसतो त्याला मजुरी सर्वांत कमी. त्याचे काम काय, तर जाळ घालायचा! त्यात अक्कल ती कसली?

पुढच्या हंगामात मी चार दिवस रजा काढून गेलो. तराजू बरोबर नेला होता. दोन दिवस मामांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने जाळ घातला आणि आम्ही प्रत्येक भारा तोलून दिला. पुढचे दोन दिवस थोडे थोडे, वरचेवर, तोंडावर पत्रा ओढून. मामांना लिहिता येत नव्हते. ते दर भाऱ्याला कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढीत. दुसऱ्या जोडीच्या दिवसांत आधण उतरायला वेळ जास्त लागला नाही, गुळाच्या रंगात फरक पडला नाही, आणि संध्याकाळी तोलून ठेवलेल्या भाऱ्यांची रास डोळ्यांत भरेल इतकी मागे शिल्लक राहिली. भिंतीवरच्या रेघा सगळ्यांनी पाहिल्या. आबा तर दोनदा मोजून आले.

सगळे खूश झाले. खूश नव्हते ते एकटे मामा. मी विचारले, तर म्हणाले, "मास्तर, तुमचं खरं हाय. पर आदी एकदा कोंबलं की तंबाखू मळाय सवड गावायची. आता बूड टेकाय मिळंना. तुमचं चिपाड वाचलं, माजी कंबर गेली."

आबा हसले. मला हसू आले नाही. कारण मामा अगदी बरोबर बोलत होते. वाचलेले जळण आकाशातून पडलेले नव्हते. ते मामांच्या वाढलेल्या उठबशीतून निघाले होते. काटकसरीच्या गोष्टी सांगणारे आम्ही लोक हा खर्च हिशेबात धरायचा विसरतो. मालकाची बचत झाली, गड्याचे कष्ट वाढले, आणि त्याला त्यातला छदामही नाही. मग मालकाची पाठ वळताच तो पुन्हा कवळ कोंबू लागला तर दोष कुणाचा? मी आबांना म्हटले, लाकडाची एक ट्रॉली वाचली तर तिच्या पैशातला वाटा मामांना द्या, नाहीतर जोडीला दुसरा गडी देऊन पाळी लावा. आबांना ते लगेच पटले नाही. "जाळच घालायचा हाय त्येला, आनी काय," असे ते म्हणाले. त्या हंगामात मामांच्या पदरात एका नव्या घोंगड्यापलीकडे काही पडले नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षी लाकडाच्या ट्रॉल्या दारात आल्या नाहीत, ते पैसे आबांच्या हातात राहिले, आणि तेव्हा कुठे त्यांनी दर आधणामागे मामांची मजुरी वाढवली. पाळीलाही एक पोरगा दिला. गुऱ्हाळ मोडण्याची भाषा त्यानंतर मी ऐकलेली नाही. निव्वळ चिपाडामुळे ते टिकले असे मी म्हणणार नाही. त्या साली गुळाला भावही बरा होता.

आता वाळवणाकडे वळू. घाण्यातून निघालेले ताजे चिपाड हातात घेऊन बघा. वजनाने जवळजवळ निम्मे पाणीच असते. असे ओले चिपाड चुलवणात घातले, तर काहिलीतले पाणी राहिले बाजूला, आधी चिपाडातलेच पाणी आटवत बसावे लागते. शिवाय जाळ थंड पडतो आणि धूर वाढतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून, वरखाली करून वाळवलेले चिपाड आणि घाईघाईने उचललेले चिपाड, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागा नाही, ही अडचण खरी असते. पण पुष्कळ गुऱ्हाळांवर जागा असूनही ते एकाच ठिकाणी ढिगाने पडते. वरचे वाळते, खालचे कुबट होते. आणि अवकाळी पाऊस! आठ दिवसांचे वाळवण एका रात्रीत भिजते आणि दुसऱ्या दिवशी लाकूड आणायला गाडी निघते. गंज उंचवट्यावर रचावी, वर कागद किंवा ताडपत्री तयार ठेवावी. ताडपत्रीची किंमत आणि एका ट्रॉली लाकडाची किंमत तुमची तुम्ही ताडून पाहा.

काही भागांत जळण कमी पडले म्हणून जुने टायर जाळण्याची वाईट प्रथा पडली होती. तो धूर गड्यांच्या छातीत जातो आणि काजळी उघड्या काहिलीवर उतरते. असा गूळ आपण आपल्या लेकराला देऊ का? यावर अधिक बोलण्याची मला गरज वाटत नाही.

घाण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. लाटा झिजल्या, त्यांच्यातले अंतर वाढले, की रस चिपाडात राहतो. तो जातो कुठे? चिपाडाबरोबर वाळतो आणि चुलवणात जळतो. म्हणजे आपण सरपण म्हणून साखर जाळतो! १,००० किलो उसामागे दहा किलो रस जास्त निघाला, तर जवळजवळ दोन किलो गूळ वाढतो. बाजारचा भाव तुम्हांला ठाऊक आहे, दिवसाचे गाळप ठाऊक आहे. गुणाकार घरी करा. चिपाड पिळून पाहावे; हाताला ओल आणि चिकटपणा फार लागला तर घाणा तपासायची वेळ झाली. विजेची मोटर असेल तिथे पट्टा सैल नाही ना, आणि ऊस संपल्यावर घाणा रिकामा तर फिरत नाही ना, एवढे बघावे.

चुलवणाच्या भिंतींना हंगामाच्या आधी भेगा पडलेल्या असतात. प्रत्येक भेग म्हणजे एक छोटे धुराडे समजावे. माती, शेण आणि भुसा कालवून त्या लिंपायला खर्च शून्य येतो, तरीही हे काम "बघू पुढं" म्हणून राहते आणि मग पेटल्या चुलवणाला हात लावता येत नाही.

राहिला धुराड्यातून जाणारा तापलेला धूर. त्या एकाहत्तर पैशांतला मोठा वाटा त्याचाच. एकाच काहिलीचे चुलवण असेल तर जाळ काहिलीचे बूड चाटून तसाच वर जातो. त्याच्या वाटेवर, धुराड्याच्या अलीकडे, दुसरी काहील बसवली तर जाता जाता तो पुढच्या आधणाचा रस तापवून जातो. पहिले आधण उतरले, की मघाच तापलेला रस तयार असतो. जळण वाचते आणि वेळही वाचतो. दोन-तीन काहिलींची अशी सुधारलेली चुलवणे लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने तयार केलेली आहेत. काहिलीच्या बुडाला बाहेरून लोखंडी पात्या बसवून जास्त उष्णता ओढून घेण्याचे प्रयोगही तिथे झाले आहेत. आपल्याकडे कोल्हापुरात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. चुलवण नव्याने बांधायचे असेल तर आधी तिथे जाऊन विचारावे. गवंड्याच्या अंदाजावर बांधलेले चुलवण पुढची वीस वर्षे तुमचे जळण खात राहते. पण मी क्रम सांगतो तो असा, की नव्या चुलवणाचा पैसा हातात नाही म्हणून बसून राहू नका. आधी टाकण्याची रीत, मग वाळवण, मग लिंपण. या तिहींना जवळपास काहीच पैसा लागत नाही. त्यातून जे वाचेल ते दुसऱ्या काहिलीसाठी गाठीला बांधा.

तुम्ही विचाराल, वाचलेल्या चिपाडाचे करायचे काय? त्याला गिऱ्हाईक आहे. कागदाच्या गिरण्या चिपाड घेतात, बॉयलर असलेले कारखाने घेतात, वीटभट्टीवाले घेतात. साखर कारखाने तर स्वतःच्या चिपाडावर वीज तयार करून विकतात. ज्या वस्तूला "पैसं पडत न्हाईत" म्हणून आपण पाहत नव्हतो, तिची वीज होते आणि ती आपल्याच घरात दिवा लावते. राखही फेकू नये. तिच्यात पोटॅशचा थोडा अंश असतो, ती शेणखताबरोबर शेतात जाऊ द्यावी. आणि मळी ओढ्यात सोडू नये. ओढ्याचे पाणी नासते. तीच मळी खताच्या खड्ड्यात टाकली तर चांगली कुजते. उसाच्या पाचटाचा विषयही इथे जोडीने येतो, पण तो एवढा मोठा आहे की त्याला निराळे भाषण लागेल.

गुरुजनहो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. सातवी-आठवीचा वर्ग घेऊन एक दिवस जवळच्या गुऱ्हाळावर जा. मुलांना काहिलीपासून चांगले दूर उभे करा. उकळता रस पाण्याहूनही तापलेला असतो, शेवटी शेवटी तो ११८ अंशांच्या आसपास पोहोचतो, आणि अंगावर उडाला तर चिकटून बसतो. एका आधणाचा हिशेब मुलांना मांडू द्या. ऊस किती किलो, रस किती, जळालेले वाळले चिपाड किती, उतरलेला गूळ किती. मग चिपाडाला गुळाने भागायला सांगा. जो आकडा येईल तो गुऱ्हाळवाल्याला त्याच्या भिंतीवर खडूने लिहून द्या, खाली तारीख घाला. महिन्याने पुन्हा जा. मी सांगतो, दुसऱ्या खेपेला मालक स्वतः तराजू काढून ठेवील! माणसाला उपदेश आवडत नाही, पण आपला आकडा शेजारच्या गुऱ्हाळापेक्षा वाईट आहे हे त्याला सहन होत नाही. आणि वर्गातल्या ज्या पोराला भागाकार कधी जमला नाही, ते पोर गुऱ्हाळवाल्याचे असेल तर त्या दिवशी तेच पुढे येऊन गणित करील.

एक गोष्ट मात्र सांभाळा. तो आकडा जाळ घालणाऱ्या गड्याला आधी दाखवा, मालकाला नंतर. मुलांनी त्यालाच विचारावे, जाळ कसा घालता, केव्हा घालता, धूर काळा झाला तर काय करता. त्याला पुष्कळ माहीत असते. आजवर कुणी विचारलेले नसते एवढेच. आबांच्या चुलवणाच्या भिंतीवर मामांच्या कोळशाच्या रेघा अजून आहेत. दर हंगामापूर्वी लिंपण होते, तेव्हा तेवढी जागा सोडून लिंपतात, आणि नव्या हंगामाच्या रेघा मामा त्यांच्या शेजारी ओढतात.

यंदाच्या हंगामाआधी, पोळा ते दसरा या दिवसांत, एक फेरी चुलवणापाशी मारा. भेगा पाहा, जाळी आहे का पाहा, धुराड्याच्या तळाशी साठलेली राख उपसून काढा, तोंडाच्या मापाचा पत्रा कापून घ्या आणि त्याला लांब दांडा लावा, म्हणजे हात भाजणार नाही. आणि एक जुना काटा किंवा तराजू घरात पडून असेल, तर तो गुऱ्हाळावर नेऊन टांगा.